मुठीवरची लाट

किटली मऊ फडक्यात गुंडाळता गुंडाळता तिचा अंगठा मुठीखाली सरकला आणि तिथेच थबकला. तिने फडकं पुन्हा सोडलं. अंगठा मागे नेला, हळूच पुढे आणला. मूठ जिथे किटलीच्या पोटाला येऊन मिळत होती, तिथे एक लाट होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. शेवटचा हात बसलेली पांढरी किटली खिडकीच्या उजेडात कशी लोण्यासारखी दिसत होती. पण बोटाखाली काहीतरी उचललं जात होतं आणि परत बसत होतं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

"काय गं, काय चाचपतेस?" मामाने मोरीतून विचारलं. तो कोपरापर्यंत चढलेली पांढरी भुकटी धूत होता.

"काही नाही. फडकं नीट बसत नाहीये."

"सरक. एवढा धंदा काढलास, पण खोका बांधायची अक्कल अजून आली नाही. चित्रं काढ तू आपली."

त्याने हात पुसले, तिला खांद्याने बाजूला सारलं आणि किटली अशी गुंडाळली की जणू तान्हं मूल दुपट्यात घालतोय. मग खोक्यात ठेवली, कडेने कागदाचे बोळे कोंबले, आणि झाकणावर थाप मारून म्हणाला, "चल. आपली ही राजकन्या दाखवून येऊ."

ती घड्याळाकडे बघत राहिली. बैठक खरं तर परवा होती. सकाळीच कंपनीतून फोन आला होता, साहेब उद्या बाहेरगावी चाललेत, तेव्हा आजच दुपारी घेऊन या, असंही तयारच असेल ना. या धंद्यात 'असंही तयारच असेल ना' हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता त्याचा रागही येत नसे. पण आज तिला तो वेळ हवाच होता. ती लाट घासायची, पुट्टी भरायची, पुन्हा रंग द्यायचा म्हणजे रंग वाळायलाच अख्खी रात्र हवी. आणि मुख्य म्हणजे मामा घरी गेलेला हवा.

किटली म्हणजे खरी किटली नव्हे. तिच्यात ना तार, ना पाणी. दाट फोम कापून, पुट्टी लावून, घासून घासून केलेलं ते मॉडेल होतं. हातात धरायच्या वस्तूचा आकार कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत नेता येत नाही, तो हातानेच हाताला विचारावा लागतो, असं मामाचं म्हणणं, आणि ते तिला मनोमन पटलेलं. म्हणून मूठ तो फोममध्ये हाताने घडवायचा. मग कंपनी त्याच मॉडेलचं स्कॅन करणार, त्यावरून पोलादी साचा कापणार, आणि त्या साच्यातून हजारो किटल्या बाहेर पडणार. साच्याला दयामाया नसते. मॉडेलवर जे असेल ते तो जसंच्या तसं उचलतो आणि जन्मभर तेच ओकत राहतो.

कार्यशाळेत त्या दोघांचा एक रिवाज होता, कुठे लिहिलेला नसला तरी देवघरातल्या नियमासारखा पाळलेला. मामा डोळे मिटून मॉडेलवरून तळवा फिरवायचा, आणि 'झालं' म्हणायचा. त्यानंतर त्या वस्तूला कोणी पॉलिश पेपर लावायचा नाही. तिने तर नाहीच.

गेले काही महिने ती हा नियम चोरून मोडत होती.

पहिल्यांदा कळलं ते एका टॉर्चच्या मॉडेलवर. मामा 'झालं' म्हणून जेवायला गेला, आणि तिच्या बोटाला बटणाजवळ खड्डा लागला. तिला वाटलं, दमला असेल. मग दुसऱ्या कामात तेच, तिसऱ्या कामात तेच. मग एकदा दारातून तिने पाहिलं, की मामा तळवा फिरवून झाल्यावर मॉडेल उचलून गालाला लावतोय. ती हसत आत आली होती. "लाडात आलास का रे?" तिने विचारलं, तेव्हा मामाही हसला होता, पण मॉडेल इतक्या घाईने खाली ठेवलं की त्याचा कोपरा टेबलावर आपटला. तेव्हा तिला उमगलं. त्याची साखर वाढलेली होती, पायांना मुंग्या येतात एवढंच तो घरी सांगायचा. बोटं बधिर होत चालल्याचं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

ती तरी सांगणार कुणाला? अन् कोणत्या तोंडाने? वडील गेल्यावर आईला आणि तिला ज्याने उभं केलं, तो हा माणूस. स्वतःचं दुकान काढते म्हणाली तेव्हा नातेवाइकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं. वस्तूंची चित्रं काढायची आणि त्यावर पोट भरायचं म्हणे! मामा तेव्हा कारखान्यात नमुने घडवायचा. त्याने एका संध्याकाळी येऊन डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "राजीनामा दिला. तुझ्याकडे डोकं आहे, हात माझे घे." देवाने एकेका माणसाला एकेक दान देऊन पाठवलेलं असतं. ते दिल्याचं तो सांगत नाही आणि परत नेतानाही सांगत नाही. मामाचं दान बोटांच्या टोकांना होतं. ते परत चाललंय, हे त्याला तोंडावर सांगायची हिंमत तिच्यात नव्हती. म्हणून मामा घरी गेला की ती दार लोटून घेई, आणि त्याच्या कामावरून हात फिरवत त्याच्या चुका घासून काढी. चोरी चांगल्यासाठी केली तरी चोरीच. सकाळी त्याला हसून चहा देताना तिची नजर कपातच असायची.

गाडीत मामा खोका मांडीवर घेऊन बसला. बोटांनी झाकणावर ठेका धरून कुठलंसं भजन गुणगुणत होता. त्याचा आवाज अजून निकोप होता. एका लाल दिव्यापाशी तिने मनाचा हिय्या केला.

"मामा."

"बोल."

दिवा हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला.

"पट्टा लावलास का?"

"लावला गं आई," मामा म्हणाला आणि पुन्हा गाऊ लागला.

कंपनीच्या बैठकीच्या खोलीत थंडगार हवा होती. लांब टेबलाच्या एका टोकाला साहेब, त्यांच्या उजव्या हाताला जाहिरात विभागाचा तरुण अधिकारी, आणि कडेला साचेवाला. हा साचेवाला मामाच्या कारखान्यातला जुना सोबती. आता स्वतःचे साचे करायचा आणि मामाला अजून 'गुरू' म्हणायचा.

मामाने फडकं सोडलं. किटली टेबलावर उभी राहिली. क्षणभर सगळे गप्प झाले. हा क्षण तिला दरवेळी आवडायचा, कारण त्यानंतर लोक बोलायला लागत.

"छान आहे," जाहिरातवाला म्हणाला. "पण ती थोडी... भारदस्त वाटायला हवी. आणि हलकी."

"म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे बघताना भारदस्त. पण मनाला हलकी." त्याने फोन पुढे केला. कुठल्यातरी परक्या कंपनीच्या किटलीचा फोटो होता. "असं काहीतरी. अगदी असंच, पण आपलं वेगळं."

"अगदी असंच आणि वेगळं," मामा मान डोलावत म्हणाला. "जुळा भाऊ हवा, पण तोंडवळा दुसरा म्हणा की."

साचेवाला फिस्सकन हसला. साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. घरी मंडळींना फोटो दाखवला होता, त्यांना हिरवी आवडली असती, असं ते म्हणाले. मग म्हणाले, मूठ सोपीच तर आहे, तिला एवढे आठवडे का लागले? मग कंपनीचं नाव मोठं करा म्हणाले. ते मोठं केलं तर अंगठ्याखाली येईल, असं तिने सांगितल्यावर जाहिरातवाला म्हणाला, येऊ दे की, रोज हात लागेल. ती वहीत लिहून घेत राहिली. लिहिताना मान खाली घालता येते, एवढाच त्या लिहिण्याचा उपयोग होता. किटलीला अजून कोणी हात लावला नव्हता, आणि तो कोणी लावूच नये असं ती मनातल्या मनात देवाला विनवत होती.

"गुरू, बघू का?" साचेवाल्याने विचारलं.

"बघ की. तुझ्यासाठीच आणलीये. हे लोक नुसते लांबून नमस्कार करतायत."

साचेवाल्याने किटली उचलली. आधी डोळ्याजवळ नेऊन कडा पाहिल्या, साच्यातून निघेल ना ते पाहिलं, मान हलवली. मग मूठ हातात धरली. मग त्याचा अंगठा मुठीखाली सरकला.

अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"इथे लाट आहे," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता त्यात, नवल होतं. "गुरू, ही तुमच्या हातची?"

"लाट? कुठे?"

"ही इथे. मुठीच्या मुळाशी."

मामाने हात पुढे केला. त्याने तिथे अंगठा ठेवला आणि फिरवला. एकदा. दोनदा. मग तर्जनी फिरवली. त्याच्या चेहऱ्यावर सकाळचं हसू अजून होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस कुठेतरी निघून गेल्यासारखा झाला होता. अंगठा लाटेवरून गेला, उतरला, परत चढला, आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. हे तिला दिसलं. साचेवाला अजून किटलीकडेच बघत होता. मामाने ओठ ओले केले. तो काहीतरी बोलायला तोंड उघडत होता.

"ती माझी चूक आहे," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मामांनी कधीच पुरं केलं होतं. मला वाटलं, मूठ अजून थोडी बारीक हवी. त्यांना न विचारता मी पेपर मारला. आणि तुमचा फोन आला, मग परत करायला वेळच उरला नाही."

 मामाने उघडलेलं तोंड मिटलं. मग एकदम त्याचा आवाज चढला.

"माझ्या मागे हात लावलास? कितीदा सांगितलंय? एकदा माझा हात उठला की कामाला शिवायचं नाही म्हणून!"

"चुकलं, मामा."

"चुकलं म्हणे! अशाने नाव जातं माणसाचं!"

"जाऊ दे गुरू," साचेवाला म्हणाला. "पोरच आहे. दोन दिवसांत सरळ होईल. मीसुद्धा म्हटलं, गुरूंच्या हातची लाट? सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

साहेब आता मनापासून हसले. तिचा गुन्हा सापडल्यामुळे खोलीतलं वातावरण एकदम मोकळं झालं होतं. माणसांना दुसऱ्याची चूक सापडली की आपापल्या चुकांचं ओझं जरा हलकं वाटतं. साहेब मामाकडे वळले.

"बरं झालं कळलं ते. ही किटली दुरुस्त करून द्या. पुढची पूर्ण मालिका तुमच्याकडेच द्यायचं आमचं ठरत आलंय. मिक्सर, इस्त्री, सगळं. अट एकच." त्यांनी तिच्याकडे बोट रोखलं, पण गमतीने. "शेवटचा हात मामांचाच. ताईंनी मधे पडायचं नाही. कबूल?"

एका वर्षात एखादं असं काम मिळावं म्हणून ती किती दारं झिजवत होती. आता ते समोर आलं होतं, ते या अटीसकट. तिने मामाकडे पाहिलं.

"कबूल," मामा म्हणाला. "शब्द दिला."

परतताना त्याने गाणं म्हटलं नाही. खोका मांडीवर घेऊन बाहेर बघत होता. रस्त्यावर कोणीतरी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होतं. शाळेतली मुलं एका रांगेत, एकमेकांच्या दप्तराला धरून चालली होती. तिला वाटलं, अजून रागावलाय. बरं आहे, रागावू दे. त्याला खरं वाटलंय तर त्याचा राग आपण जन्मभर सोसू. पण त्या अटीचं काय करायचं? घरी गेल्यावर आपण चोरून घासायचं, कंपनीसमोर त्याने मान डोलवायची, असं किती दिवस चालणार? आणि ज्या दिवशी आपलं बोट चुकेल, त्या दिवशी कोणाचं नाव पुढे करायचं?

कार्यशाळेत आल्यावर तिने दिवे लावले, चहा टाकला. मामाने किटली खोक्यातून काढली, बाकावर ठेवली आणि पॉलिश पेपरचा तुकडा फाडून घेतला. ती घाईने पुढे झाली.

"आज राहू दे रे. दमलायस. घरी जा, उद्या बघू."

"उद्या कशाला? मी गेल्यावर तू बघशील, होय ना?"

गॅसवर चहा उतू गेला. तिने तो बंद केला, पण ती वळली नाही. फडक्याने ओटा पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

"टॉर्चच्या वेळी शंका आली," मामा म्हणाला. आवाज शांत होता. "सकाळी भुकटी निराळ्या ठिकाणी पडलेली असायची. मी उजवीकडे झाडतो, तू डावीकडे. म्हटलं, उंदीर नाही हा. भाची आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

 मामाने पेपरचा तुकडा दोन बोटांत धरून उलटसुलट केला. खरखरीत बाजू कुठली ते त्याने उजेडात धरून, डोळ्यांनी पाहून ठरवलं.

"आज मधेच का बोललीस गं?" त्याने विचारलं. "मी सांगणार होतो त्यांना. तोंड उघडलं होतं मी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर ती खोली उभी राहिली, त्याचे ओले केलेले ओठ, साचेवाल्याची खाली वाकलेली मान. किती महिने तो त्या एका वाक्यापाशी येत असेल आणि परत फिरत असेल, ते देवालाच ठाऊक. आज पोचला होता. आणि तिने दार लावून घेतलं होतं.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"कळलं मला तुला काय वाटलं. म्हणून तर ओरडलो. तू एवढं खोटं बोललीस, ते वाया कशाला घालवायचं?" तो जरासा हसला. "बरं ओरडलो की नाही? तो लेकाचा साचेवाला पण दचकला."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मामाने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने पायाने स्टूल ओढलं.

"बस इथे. रडायला उभं राहायची गरज नाही, बसूनही येतं. डाव्या हाताने धर, उजवा मोकळा. अटीला बाधा नाही, शब्द दिलाय मी साहेबांना. मी इथेच आहे."

ती बसली. पेपर ओला करून तिने मुठीच्या मुळाशी लावला. पांढरा रंग दुधासारखा ओघळू लागला, खालचा करडा थर दिसू लागला. मामा तिच्या शेजारी, बाकाला टेकून उभा होता. थोड्या वेळाने त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. आता बोट फिरव. काय लागतंय?"

तिला वाटलं, परीक्षा घेतोय. लहानपणी घ्यायचा तशी. पण तेव्हा तो विचारायचा नाही, सांगायचा.

"आधी सपाट आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग चढ लागतो. अगदी थोडा."

"थोडा म्हणजे कसा? पायरीसारखा की रस्त्यासारखा?"

"रस्त्यासारखा. चालताना कळत नाही, दम लागल्यावर कळतं, तसा."

"हं. मग उतार?"

"उतार एकदम नाही. वर थोडं पठार आहे. तिथे कण लागतात. बारीक. साखरेसारखे."

ती मान वर करणार होती, पण तिने आधी नुसते डोळे उचलले. मामाने डोळे मिटले होते. मान एका बाजूला कलली होती, लांबून कोणी गात असावं आणि वाऱ्यामुळे शब्द नीट ऐकू येऊ नयेत, तशी. त्याचे ओठ किंचित हलत होते. सपाट, चढ, पठार. ती सांगत होती ते सगळं तो मनातल्या मनात पुन्हा म्हणत होता.

त्याच्या बोटांनी तिचं मनगट आवळून धरलं होतं. इतकं घट्ट, की तिचा तळवा पांढरा पडू लागला होता, आणि नखं रुतत होती. किती जोर लागतोय ते त्याला कळत नव्हतं.

"पुढे?" तो म्हणाला.

तिने हात हलवला नाही. बोट तेवढं पुढे सरकवलं, आणि ती सावकाश, एकही गोष्ट न गाळता, सांगू लागली.